बेचाळीस नळ्यांचा बंदोबस्त

३ मार्च, रविवार, सकाळी ६.१०
वारा ताशी ३८ किलोमीटर. आकडा गच्चीवर मी बसवलेल्या यंत्राचा. हवामान खात्याने ४४ सांगितला. त्यांचं यंत्र तपासायला हवं.

काल नगरपालिकेचं पत्र हातात आलं. माळावरच्या वारा-शिल्पाची देखभाल एक वर्षासाठी माझ्याकडे. पद मानद. अर्ज मी एकट्यानेच केला होता, म्हणजे बाकीच्यांना आपली पायरी ठाऊक होती. पत्रात कामं दोनच: ग्रीस भरणे, नट घट्ट करणे. खाली रेघ मारून लिहिलंय, 'याव्यतिरिक्त शिल्पात कोणताही बदल करू नये.' हे वाक्य सर्वसाधारण माणसासाठी आहे.

पत्र लॅमिनेट करून हिला दाखवलं. ही 'बरं झालं' म्हणाली आणि उडालेल्या चादरीमागे धावली. आमच्या गावात एका चादरीला आठ चिमटे लागतात, तरी महिन्याला एक चादर पेट्रोल पंपावर सापडते.

संकल्प: रोज लिहायचं. मोजूनमापून लिहायचं. भावना नकोत.

४ मार्च
तपासणी केली. मधला खांब नऊ मीटर. वर तीन हात. वारा लागला की गोल फिरतात आणि फिरता फिरता वर-खाली होतात. प्रत्येक हाताला चौदा स्टीलच्या नळ्या, बोटाएवढ्या बारीक ते मनगटाएवढ्या जाड. एकूण बेचाळीस. बेअरिंग चांगलं आहे, हे मान्य करतो.

पण आवाज करतंय. बेचाळीसही नळ्या आपापल्या सुरात घुमतात, पार बाजारापर्यंत ऐकू जातं. सव्वीस वर्षं मी पंखे आणि पंप दुरुस्त करतोय. कुठल्या कॉलेजात गेलो नाही. कॉलेजं माझ्याकडे येतात, पंखे घेऊन. सव्वीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: यंत्र आवाज करतंय म्हणजे कुठेतरी बिघाड आहे.

बिघाड दहा मिनिटांत सापडला. प्रत्येक नळीचं तोंड उघडं. वेल्डरकडून बंद करायचं राहून गेलं. एक-दोन नव्हे, बेचाळीसच्या बेचाळीस. वर्ष होत आलं, एकाच्याही लक्षात आलेलं नाही. शिल्पकार बाई मोठ्या कॉलेजात शिकल्यात म्हणे.

खांबाजवळची माहितीची पाटी चार मिलिमीटर कलती होती. मजकूर वाचायच्या आधी तेच डोळ्यात खुपलं. काढून दुकानात आणली आणि पालथी ठेवली. नवे ब्रॅकेट बनवून लावीन.

७ मार्च
सासरे आमच्याकडे येऊन चौदा महिने झाले. मी एकदाही बोलून दाखवलेलं नाही. दृष्टी पूर्ण गेलेली. पस्तीस वर्षं बस चालवली. गिअरच्या आवाजावरून चढ किती ते सांगायचे, असं तेच सांगतात. रोज पाच वाजता काठी घेऊन एकटे माळावर जातात. कुणाला हात धरू देत नाहीत. नळ्यांचा आवाज समोर ठेवून चालत सुटायचं की बाक येतो. दोनशे बारा पावलं (मी मागून चालत मोजली). परतताना आवाज पाठीशी.

तासभर बाकावर बसून ऐकतात. घरी आले की हिला सांगतात, आज वारा नैर्ऋत्येचा, जाड्या नळ्या बोलत होत्या, अकरावी जरा खरखरतेय. ही हातातलं काम टाकून ऐकते. माझ्या पंख्यांबद्दल हिने एवढ्या आवडीने कधी ऐकलेलं नाही.

संकल्प: सासऱ्यांशी गोडीने वागायचं. चहा पिताना ते जो आवाज करतात तो कानाआड करायचा.

१० मार्च, रविवार, सकाळी ९
योजना पक्की. दर रविवारी सकाळी लवकर सहा नळ्या. सात रविवारांत खेळ खलास. २८ एप्रिलला शिल्पाला वर्ष होतं, समारंभ आहे. त्या दिवशी लोकांसमोर शांतता उघड करायची. तोवर कुणाला सांगायचं नाही, घरातसुद्धा. कामाआधी डांगोरा पिटणारे वेगळे.

स्टीलच्या खुर्चीच्या पायाला असते ती रबरी टोपी नळीच्या तोंडावर चपखल बसते. सगळ्या मापांत मिळते. बेचाळीस घेतल्या. दुकानदाराने विचारलं, किती खुर्च्या आहेत घरात. मी हिशेब करून सांगितलं, साडेदहा. त्याने टोप्या पुन्हा एकदा मोजल्या.

माळावर 'काम चालू आहे' बोर्ड लावला, पिन काढून शिल्पाचे हात खाली घेतले. सहा टोप्या, वीस मिनिटं.

११ मार्च
वारा ५२. सहापैकी चार टोप्या उडाल्या. एक समोरच्या निवृत्त हेडमास्तरांच्या चहात पडली. ते टोपी घेऊन दुकानात आले आणि विचारू लागले, काय पंखेवाले, मागोमाग खुर्चीपण येतेय का, म्हणजे उठून जागा करतो. शिक्षकी पेशातल्या माणसाला विनोद केल्याशिवाय राहवत नाही.

चूक टोपीची नाही. मी वाऱ्याला सभ्य समजलो. यापुढे टोप्या चिकटवणार. पाण्याच्या टाक्यांना वापरतात ते अॅडहेसिव्ह आणलं. डब्यावर लिहिलंय, 'कायमस्वरूपी'. असा शब्द छापायला हिंमत लागते. दोन टोप्या मूळच्याच घट्ट बसल्यात, त्यांना हात लावत नाही.

१८ मार्च
बारा झाल्या.
जेवताना सासरे म्हणाले, नळ्यांचे दात पडल्यासारखं वाटतंय. ही म्हणाली, वारा बदलला असेल. मी मान खाली घालून जेवत राहिलो. आंधळ्या माणसालाही फरक जाणवतो, म्हणजे टोपी उत्तम.

२४ मार्च, संध्याकाळी
अठरा.
माळावर गर्दी. लोक वाऱ्यात तिरके उभे राहून वर बघत असतात. पोरं शर्टाची बटणं काढून हात पसरतात आणि मागे ढकलली जातात, पुन्हा पुढे येतात. एक बाई डोळे मिटून उभ्या होत्या. मी जवळ जाऊन सांगितलं की डोळे मिटून फिरतं शिल्प दिसत नाही. त्या म्हणाल्या, मी ऐकतेय, पण आज मजा नाही. लोकांना बघायला शिकवायला हवं. वर्ग घेता येईल. रविवारी वेळ नाही, शनिवारी घेता येईल.

२ एप्रिल
चोवीस.
सासऱ्यांनी दुपारी विचारलं, वारा पडलाय का. खिडकीची काच थडथडत होती. मी म्हटलं, नाही, ४६ आहे. थोड्या वेळाने बघतो तर उजव्या कानाशी चुटकी वाजवतायत. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. मी दारात उभा राहून सात मिनिटं बघितलं. सत्तावीस चुटक्या. वयाचे चाळे.

३ एप्रिल
सासऱ्यांना बहिरेपण आलंय असा संशय. घरच्या घरी चाचणी घेतली. मागे दीड मीटरवर उभा राहून हळू आवाजात म्हटलं, बाबा, चहा घेणार का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. ही आतून म्हणाली, त्यांना ऐकू आलंय, तुमच्याशी बोलायचं नसेल. लेकीचं मन, दुसरं काय. नोंद: बहिरेपण, अंदाजे साठ टक्के.

हिला विचारलं, तुला नळ्या ऐकू येतात का. म्हणाली, हल्ली फारच कमी. मी म्हटलं, कान आनुवंशिक असतात. संध्याकाळी ओट्यापाशी हिची चुटकी वाजलेली ऐकली.

९ एप्रिल
तीस.
काल सासरे पाचला निघाले ते सातपर्यंत आले नाहीत. ही तीनदा माळावर जाऊन आली. शेवटी पेट्रोल पंपावरच्या माणसाने त्यांना स्कूटरवर घालून आणलं. तो म्हणाला, आजोबा पंपामागच्या पत्र्याच्या शेडसमोर उभे होते, शेडचा पत्रा वाऱ्याने घुमत होता. म्हणजे हायवे ओलांडून गेले होते. चार लेनचा. एकटे. गुडघा फुटला होता. ही जखम धूत होती तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, नळ्या तिकडे आहेत."

मी शांतपणे समजावलं की या वयात एकट्याने बाहेर पडू नये. काठी माळ्यावर ठेवून दिली. सुरक्षेचा प्रश्न आहे.

झोपताना मनात आलं, सांगून टाकावं का. पण बारा नळ्या राहिल्यात. अर्धवट काम दाखवणं माझ्या स्वभावात नाही.

१६ एप्रिल
छत्तीस.
कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून मशीनवर तपासणी. डॉक्टर म्हणाले, कान पन्नाशीच्या माणसाचे आहेत, माझ्यापेक्षा बरे. मी विचारलं, मशीन शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं होतं. झाकण उघडून बघायचीही तयारी दाखवली. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

रिक्षात सासरे हिला म्हणाले, मशीनमधलं सगळं ऐकू येतंय, नळ्याच तेवढ्या ऐकू येत नाहीत. म्हणजे कान नाही गेले पोरी, डोकं गेलंय. अगदी सहज म्हणाले, स्टॉप आला म्हणावं तसं. मला हे निदान डॉक्टरांपेक्षा पटलं.

घरी आल्यावर हिने दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्या नळ्यांना काही केलंय का?"
"ग्रीस भरलंय," मी म्हटलं.
यात खोटं काही नाही. ग्रीस भरलेलंच आहे.

२१ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ६
बेचाळीस.
वारा ४८. तिन्ही हात झपाट्याने फिरतायत आणि हूं नाही की चूं नाही. तासभर खाली उभा राहून वर बघत होतो. मान दुखली पण समाधान वाटलं. बरोबर एक कुत्रा होता. नंतर तोही गेला. शांततेची गोडी हळूहळू लागते.

बाकावर कुणी नव्हतं. डॉक्टरांकडची फेरी सोडली तर सासरे बारा दिवस घराबाहेर पडलेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवण निम्म्यावर आलंय. विश्रांतीची गरज होतीच.

२३ एप्रिल
नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांचा फोन. शिल्प बंद पडल्याच्या अकरा तक्रारी आल्यात. मी म्हटलं, येऊन डोळ्यांनी बघा. ते आले, गाडीच्या काचा वर ठेवूनच बघितलं, म्हणाले, फिरतंय की, लोकांना उद्योग नाहीत. आमचं दोघांचं जमतं.

२५ एप्रिल
शिल्पकार बाईंचा फोन आला, हिच्या मोबाइलवर. तेव्हा कळलं की गेल्या वर्षी शिल्प उभं राहत असताना सासरे रोज तिथे जाऊन बसायचे, कुठली नळी बिनसलीय ते सांगायचे आणि बाई ती कापून नीट करायच्या. एकवीस नळ्या सासऱ्यांच्या कानावर विश्वास ठेवून कापल्या म्हणे. पंधरा महिने माणूस माझ्या घरात आहे, मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

विचार केला. म्हणजे बाईंनाही आवाजाचा त्रास होताच. त्या कमी करायच्या प्रयत्नात होत्या, जमलं नाही. मी पूर्ण केलं. भेटल्यावर त्यांना ओशाळं वाटेल. मी फार ताणणार नाही.

बाईंना सासरे स्टेजवर हवेत. ते नाही म्हणाले. डोकं गेलेल्या माणसाला चारचौघांत कशाला नेता, म्हणाले. ही त्यांच्या उशाशी बसून रडली. मी म्हटलं, बाबा, यायलाच पाहिजे, घरचं कार्य आहे. भाषण तयार आहे. अकरा मिनिटं. नवा शर्ट इस्त्रीला दिला.

२८ एप्रिल, सकाळी ७
वारा ५५. निसर्गही माझ्या बाजूने. हिने सासऱ्यांची दाढी करून दिली. दोन ठिकाणी कापलं.

२८ एप्रिल, संध्याकाळी ७.३०
क्रमाने लिहितो.

माणसं तीनशेच्या आसपास. स्टेजच्या कापडाला वीस ठिकाणी दगड. शिल्पकार बाई गाडीतून उतरल्या त्या सरळ खांबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. हात फिरत होते. बाईंचे केस उडत होते. त्यांनी इंजिनिअरसाहेबांना विचारलं, हे असं कधीपासून आहे. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

हीच वेळ, म्हणून मी माइक घेतला. सांगितलं की बेचाळीस नळ्यांचा बंदोबस्त मी एकट्याने, स्वखर्चाने, कुणालाही न कळू देता केलेला आहे. आकडेवारी दिली. टाळी एकच पडली, हेडमास्तरांची. ती कुचकी होती हे मला उशिरा कळलं. आकडेवारीतलं अॅडहेसिव्ह येईपर्यंत माइक बंद झाला होता.

बाईंनी पिन काढून हात खाली घेतला आणि नखांनी टोप्या ओढायला लागल्या. एकही निघेना. (काम चोख.) दुसरा हात घेतला. त्यावर माझ्या त्या दोन न चिकटवलेल्या होत्या. त्यातली एक निघाली. बाईंनी पिन सोडली, हात वर गेला, आणि एक जाड नळी घुमली. एकटीच.

सासरे खुर्चीतून उठले. "अकरावी," म्हणाले.

ते चेहरा वर करून उभे होते. नळी घुमत होती. मग म्हणाले, "म्हणजे मी शाबूत होतो." आणि माझ्या बाजूला तोंडही न वळवता म्हणाले, "जावईबापू, मी कानाशी चुटक्या वाजवत बसायचो तेव्हा तुम्ही दारात उभे असायचात. मला तुमचा श्वास ऐकू यायचा."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण भाषणात तो मुद्दा घेतलेला नव्हता.

ही पुढे झाली. सासऱ्यांनी तिला हात धरू दिला. दोघं बाईंच्या गाडीत जाऊन बसले. मी चालत आलो. वारा समोरून होता.

३० एप्रिल
पद रद्द झाल्याचं पत्र. चार ओळी, त्यात दोन अशुद्ध. पाटीही परत मागितली आहे. देताना उलटी करून वाचली. 'हे शिल्प ऐकण्यासाठी आहे,' असं पहिलंच वाक्य आहे. एवढी महत्त्वाची गोष्ट पाटीवर लिहून भागत नाही, देखभाल करणाऱ्याला समक्ष सांगायला हवी. मी बाईंना तसं पत्र टाकणार आहे.

टोप्या निघत नाहीत. तोंडं कापावी लागणार, म्हणजे नळ्या आखूड होणार आणि सगळ्यांचे सूर बदलणार. नव्या नळ्या करायच्या ठरलंय. कुठली कशी वाजत होती हे जगात एकाच माणसाला पाठ आहे. बाई सासऱ्यांना आपल्या वर्कशॉपला घेऊन जातायत, दुसऱ्या गावी. ही सोबत. आठ दिवसांसाठी.

मी माझी मदत देऊ केली. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी फक्त माझ्या हातांकडे बघितलं.

२ मे, सकाळी ८
दोघं गेली. जाताना हिला सांगितलं, पोहोचल्यावर फोन कर. हिने मान हलवली. हो की नाही ते सांगता येणार नाही, वाऱ्याने पदर तोंडावर आला होता.

संकल्प: या आठ दिवसांत स्वयंपाक शिकायचा. पुस्तकाची गरज नाही.

४ मे
कुकरची शिट्टी होत नव्हती. दुरुस्त केली. आता कुकर उघडत नाही.

११ मे
दहावा दिवस. मीच फोन केला. मागून नळ्यांचा आवाज येत होता आणि सासरे मोठ्याने कुणाला तरी सांगत होते, अजून बोटभर काप. हसतही होते. माझ्या घरात ते हसल्याची नोंद नाही, वही चाळून बघितली. ही म्हणाली, काम वाढलंय. मी म्हटलं, घाई करू नका, चांगल्या कामाला वेळ लागतो. हे म्हणायला माझ्याइतका लायक माणूस नाही. मी पुढे काही सांगत होतो, तेवढ्यात फोन कट झाला. रेंजचा प्रश्न असणार.

१४ मे
वारा ५१. घरात बसून ऐकलं तर दारं, खिडक्या, गच्चीवरचा पत्रा, सगळं आवाज करतंय. बिजागऱ्यांना तेल घातलं. दारांखाली कापड कोंबलं. पत्र्यावर विटा ठेवल्या. आता घर पूर्ण शांत आहे. इतकं की मी स्वतःशी बोललो तर दचकतो.

१९ मे, रविवार, सकाळी ११
बाईंच्या वर्कशॉपची गाडी आली होती. ड्रायव्हरजवळ हिच्या अक्षरातली यादी. एकोणीस वस्तू. मी यादीच्या क्रमाने काढल्या, प्रत्येकीवर खूण केली, कागदात गुंडाळून दोरीने बांधल्या आणि जड वस्तू खाली येतील अशा रचल्या. ड्रायव्हरने असं बांधलेलं सामान जन्मात पाहिलं नसेल. त्याने विचारलं, काका, कुणी घर बदलतंय का. मी म्हटलं, छे, आठ दिवसांसाठी.

गाडी गेल्यावर यादी पुन्हा वाचली. हिचं शिलाई मशीन. बाबांची गादी. दोन रजया. लोकरी मोजे, चार जोड. बाहेर घामाच्या धारा लागल्यात आणि हिने लोकरी मोजे मागवलेत. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हिला प्रवासाचं सामान बेतशीर भरायला काही आलं नाही.